डॉक्टर रेबोयोंच्या नावापुढची फुली

आमच्या फुएन्तेग्रिसच्या पंचायतीच्या इमारतीत खाली दवाखाना आणि वर कचेरी. सोळा वर्षं दोन्हीकडे एकच माणूस बसायचा, डॉक्टर एवेलिओ रेबोयो. खाली डॉक्टर, वर सरपंच. सकाळी येणारा माणूस "शेवटचा कोण?" असं विचारून बाकावर टेकायचा, आणि त्याचा नंबर आला की डॉक्टर मान वर न करता विचारायचे, "खालचं की वरचं?" म्हणजे दुखणं आहे की गाऱ्हाणं. बऱ्याच जणांचं दोन्ही असायचं. विसिता काकू गुडघा दाखवता दाखवता गल्लीतला दिवा गेल्याचं सांगायच्या, आणि दिवा लागला की गुडघाही बरा झाला म्हणून कळवायच्या.

मी अबुंदिओ. ह्या गावचा दवंडीवाला, शिपाई, किल्ल्या सांभाळणारा, सगळं मीच. पितळी पिपाणी वाजवून "सरपंचांच्या हुकुमावरून" असं ओरडायचं, दवाखान्यातली शेगडी पेटवायची, निवडणूक आली की मतपेट्या माळ्यावरून काढून पुसायच्या. लोक म्हणतात अबुंदिओचं डोकं भडक आहे. असेल. तीस हिवाळे चौकाचौकात उभं राहून ओरडून बघा, मग सांगा तुमचं कसं राहतं ते. पण डॉक्टरांची गोष्ट निघाली की मी भडकत नाही, विचारात पडतो. ह्या माणसाच्या डोक्यात नेमकं काय चालायचं ते मला कधी पुरतं कळलं नाही, आणि जे कळलं ते उशिरा कळलं.

ते गावात आले एकसष्ट साली, टपालाच्या बसमधून, भर बर्फात. बोलणं बेताचं. सरपंच कसे झाले तेही ऐका. एकोणऐंशी साली, हुकूमशाही संपल्यावर, चाळीस वर्षांनी पहिल्यांदा गावात मतदान होणार होतं आणि सरपंच व्हायला कुणी तयार नव्हतं. दोमिसिआनोच्या बारमध्ये पत्त्यांचा डाव चालला होता. दोमिसिआनो म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीच व्हा."

"मला काय येतं त्यातलं? सरपंचाला करावं काय लागतं?"

"काही नाही हो. लोकांचं ऐकून घ्यायचं आणि शेवटी एका कागदावर काहीतरी लिहून द्यायचं."

"ते तर मी रोजच करतो," डॉक्टर म्हणाले आणि पत्ता टाकला. झालं, सरपंच ठरला.

आणि खरंच त्यांनी दोन्हीचा कागद एकच ठेवला. पंचायतीचे हुकूम ते औषधांच्या चिठ्ठीवरच लिहायचे. माझ्याकडे त्यातल्या काही अजून आहेत. "वरच्या गल्लीचं गटार. सकाळी एकदा, पाऊस असल्यास दोनदा. आठ दिवसांनी दाखवणे." गवंडी ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "अबुंदिओ, हे जेवणाआधी की जेवणानंतर?" हसा, पण गटार साफ झालं. पुढे त्यांना जिल्ह्याच्या सभेवर घेतलं. तिथे एका साहेबानं रस्त्याला पैसे नाहीत म्हटल्यावर डॉक्टरांनी त्याला जीभ दाखवायला सांगितली म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण रस्ता आला, टेलिफोन आला, आणि साहेबाच्या पोटाचं दुखणंही कळलं वेळेवर. सभेहून ते दुपारच्या बसनं परत यायचे आणि संध्याकाळी दवाखाना उघडायचे. एक दिवस चुकला नाही.

एक खोड मात्र त्यांना होती, त्यांच्या पिढीच्या सगळ्याच डॉक्टरांना होती. रोग्याला रोगाचं नाव सांगायचं नाही. रोग्याला म्हणायचं, "वारं बाधलंय, सूप घ्या, झोपा." आणि मग घरच्या कुणालातरी बाजूला घेऊन खरं काय ते सांगायचं. आमच्याकडे त्यात कुणाला वावगं वाटत नसे. माझी बायको लेओन्सिया दम्याची. तिला ते म्हणायचे, "थोडी धाप आहे." मला जिन्याखाली घेऊन म्हणाले, "अबुंदिओ, हिचा दम कधी अडकेल सांगता येत नाही. अडकला की माझ्याकडे यायला तुला दहा मिनिटं आहेत. वीस नाहीत." त्या दिवसापासून मी दहा मिनिटांच्या हिशेबात जगलो. तीनदा धावलो. तिन्ही वेळा डॉक्टर सपाता पायात अडकवून माझ्यापुढे धावत होते.

त्र्याण्णव साली पक्षानं त्यांना सिनेटला, म्हणजे देशाच्या वरच्या सभागृहाला, उभं केलं. सिनेटची मतपत्रिका म्हणजे चादरीएवढा कागद. त्यावर सगळ्या पक्षांच्या उमेदवारांची नावं छापलेली, आणि आपण हव्या त्या तिघांपुढे फुली मारायची. जिल्ह्यातून चौघं निवडून राजधानीत, माद्रिदला जातात. डॉक्टरांच्या पक्षाचे तिघं उभे होते, दोघं शहरातले वकील आणि तिसरे आमचे डॉक्टर.

गावात एकच सभा झाली, शाळेत. डॉक्टर चार मिनिटं बोलले. "मी तिथे गेलो तर गावाचं बरं होईल," एवढंच सांगितलं आणि घाम पुसला. मग विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" मागून कुणीतरी खोकल्याचं विचारलं.

घरी येताना लेओन्सिया माझ्या हाताला धरून चालत होती. चढावर थांबली. म्हणाली, "अहो, हे माद्रिदला गेले तर माझं कसं व्हायचं?"

"दुसरा डॉक्टर येईल."

"दुसऱ्याला सपाता घालून पळता येईल?"

तेव्हापासून तो प्रश्न घरात आमच्याबरोबर जेवायला बसू लागला.

मतदान जूनमध्ये. सकाळी शाळा मीच उघडली, पेट्या मीच मांडल्या, आणि पहिल्या दहा जणांत मत द्यायला पडद्याआड मीच गेलो. पहिल्या वकिलापुढे फुली मारली. दुसऱ्या वकिलापुढे मारली. ते दोघं कोण, काळे की गोरे, मला ठाऊक नाही. तिसरं नाव एवेलिओ रेबोयो. पेन टेकवला आणि हात थांबला. मनात आलं, सगळं गाव त्यांना देणारच आहे. एक माझी फुली नसली म्हणून काय बिघडतंय? ते निवडून येतीलच. निदान मी माझ्या हातानं त्यांना लेओन्सियापासून लांब पाठवलं असं होणार नाही. मी कागदाची घडी केली, तो पाकिटात घालून पेटीत टाकला, आणि बाहेर येऊन डॉक्टरांना नमस्कार केला. त्यांनी विचारलं, "लेओन्सिया कशी आहे?"

संध्याकाळी आठ वाजता मोजणी सुरू झाली. उजेड होता अजून. शाळेच्या बाई मतदानाच्या टेबलाच्या अध्यक्ष होत्या, त्या एकेक कागद उघडून नावं वाचत होत्या. पहिला वकील, दुसरा वकील. पहिला वकील, दुसरा वकील, रेबोयो. पहिला वकील, दुसरा वकील. थोड्या वेळानं बाई वाचताना अडखळू लागल्या. मी भिंतीशी उभा होतो आणि माझे कान तापले होते. पहिल्या वकिलाला दोनशे चौदा, दुसऱ्याला दोनशे अकरा. डॉक्टरांना त्र्याऐंशी. स्वतःच्या गावात. डॉक्टर मागच्या बाकाजवळ हात बांधून उभे होते. ते म्हणाले, "पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं. त्र्याऐंशीच.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर कळलं. दोन्ही वकील निवडून आले होते. डॉक्टर पाचवे. अठ्ठ्याऐंशी मतांनी पडले.

बारमध्ये त्या दिवशी कुणी पत्ते काढले नाहीत. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि सगळे म्हणत होते, "कोण असतील हे हरामखोर?" दोमिसिआनो सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होता. मीही म्हटलं. मला वाटत होतं माझी एकच फुली कमी आहे, बाकीच्या सव्वाशे जणांचं काहीतरी भलतंच कारण असणार. आज मला पक्कं ठाऊक आहे की त्या बारमध्ये बसलेला जो तो हेच समजत होता. आम्ही काही ठरवून केलं नव्हतं. ठरवलं असतं तर बरं झालं असतं, कुणीतरी म्हणालं असतं की अरे, मोजा तरी किती जण आहोत ते.

सोमवारी डॉक्टरांनी नवाच्या ठोक्याला दवाखाना उघडला. मला वाटलं होतं चिडतील, रजा घेतील. छे. त्यांना उत्सुकता लागली होती. एखादं दुखणं पुस्तकात सापडलं नाही की जसे ते डोळे बारीक करून बसायचे, तसे बसले होते. जो येईल त्याच्या दंडाला पट्टा बांधायचे, फुगवायचे, नळी कानात घालायचे आणि शांतपणे विचारायचे, "फुली कुणापुढे मारलीत?"

"तुमच्याचपुढे, डॉक्टर," असं माणूस म्हणायचा. डॉक्टर काट्याकडे बघून आकडा लिहून घ्यायचे.

विसिता काकू म्हणाल्या, "मी तर तिन्ही फुल्या तुमच्याचपुढे मारल्या."

"तसं करता येत नाही, काकू."

"मला काय म्हातारीला कळतंय? प्रेमापोटी मारल्या."

"सतरा," डॉक्टर म्हणाले; रक्तदाब एकशे सत्तर असला की आमच्याकडे सतराच म्हणतात. "गेल्या महिन्यात चौदा होतं."

"जिन्यामुळे."

"दवाखाना खाली आहे, काकू."

दोमिसिआनोचा आकडा तर एवढा चढला की डॉक्टरांनी त्याला जिभेखाली खरीखुरी गोळी ठेवायला दिली. तीन आठवड्यांत दोनशे जणांनी शपथेवर सांगितलं की आम्ही तुम्हालाच मत दिलं. मतं त्र्याऐंशी. मी रोज सकाळी शेगडीची राख काढताना त्यांच्या टेबलावरची ती वही बघायचो. नावं, आणि नावापुढे रक्तदाब. त्यांना आकडे कळत होते, कारण कळत नव्हतं. एकदा मला म्हणाले, "अबुंदिओ, मी ह्या गावाचं काही वाईट केलंय का रे? मला आठवत नाही." त्यांनी ते रडवेलं होऊन विचारलं नाही. खरोखर माहिती हवी म्हणून विचारलं. मला तेच सहन झालं नाही.

मी खुर्चीत बसलो आणि बाही वर केली. म्हटलं, "बांधा पट्टा."

"तुझा कशाला?"

"बांधा म्हणतो ना."

त्यांनी बांधला. फुगवला. मी त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "मी तुमच्यापुढे फुली मारली नाही."

नळी कानात होती तरी त्यांना ऐकू गेलं. "का?"

"तुम्ही गेला असता तर लेओन्सियाला कुणी बघितलं असतं? दहा मिनिटं दिली होतीत तुम्ही मला. माद्रिदला दहा मिनिटांत कसा येऊ? मला वाटलं एक माझीच राहील. तुम्ही वाईट केलंत म्हणून नाही हो. तुम्ही चांगले आहात म्हणून." माझा आवाज दवंडीचाच, हळू येत नाही. "आणि बाहेर बसलेत ना, त्या सगळ्यांचं हेच आहे, लिहून देतो."

बाकावरून कुणी नाही म्हटलं नाही.

डॉक्टरांनी पट्ट्यातली हवा सोडली. बराच वेळ ती सुस्कारत राहिली. मग ते उठले, दार लावून घेतलं, आणि खणातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. आरोग्यखात्याचा होता, दीड वर्षापूर्वीचा. ती भाषा मला निम्मीच समजली, म्हणून त्यांनी सांगितलं.

"फुएन्तेग्रिसची डॉक्टरची जागा आता माझ्यापुरतीच आहे. मी निवृत्त झालो की जागा रद्द. पुन्हा भरायची नाही. आजूबाजूच्या अकरा गावांचं तेच. तालुक्याहून आठवड्यात दोनदा कुणीतरी येईल, दोन तास बसेल."

"मग निवृत्त होऊ नका. साठच तर आहात."

"माझे डोळे चाललेत, अबुंदिओ. तो काट्याचा आकडा मला दिसत नाही, मी कानानं ओळखतो. दोन वर्षं निघतील, फार तर." ते खिडकीकडे तोंड करून बोलत होते. "म्हणून तिकडे जायचं होतं. ह्या अकरा जागांसाठी भांडायला. तिथे बसून हात वर करायला डोळे लागत नाहीत."

मला राग आला, आणि तो त्यांच्यावरच आला. "हे सभेत का नाही सांगितलंत? चार मिनिटं बोललात, हे नाही बोललात? सगळ्या गावानं तुमचे पाय धुऊन मतं दिली असती."

ते माझ्याकडे वळले. चेहरा असा, की हे त्यांना आत्ता सुचतंय. "रोग्याला कसं सांगायचं?" ते म्हणाले. "घरच्याला बाजूला घेऊन सांगतात. पण गावच रोगी असलं तर बाजूला घ्यायचं कुणाला?"

"मला घ्यायचं होतंत."

"हो," ते म्हणाले. "तुला घ्यायला हवं होतं."

मी बाहेर आलो तेव्हा बाकावर एकही माणूस नव्हता. दवाखान्याचं दार पातळ आहे. पाच मिनिटांत सगळ्या गावाला काय ते समजलं.

दोन वर्षं निघाली, तेवढीच. पंचाण्णवच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी दवाखान्याची किल्ली माझ्या हातात ठेवली. जागा रद्द झाली. तालुक्याहून मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर येतात, दर वेळी नवा, प्रत्येकाला लेओन्सियाचा दमा पहिल्यापासून सांगावा लागतो. डॉक्टर रेबोयो कुठे गेले नाहीत. चौकातल्या घरातच राहिले. लोक दारात जायचे, ते म्हणायचे, "मी आता डॉक्टर नाही, शेजारी आहे," आणि आत घेऊन छातीला कान लावायचे. एक माणूस सिनेटमध्ये बसून अकरा जागा वाचवू शकला असता का? दोमिसिआनो म्हणतो, काही झालं नसतं, तिथे सगळे पक्ष सांगेल तसे हात वर करतात. असेल. मी रोज ह्यावर डोकं चालवतो आणि रोज वेगळं उत्तर येतं. ते गेले असते तर काय झालं असतं, नेमकं हेच आम्ही स्वतःला कळू दिलं नाही.

शहाण्णवच्या मार्चमध्ये पुन्हा निवडणूक आली. मतदानाच्या टेबलावर बसायची माणसं आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून काढतात, आणि अध्यक्ष शिकलेला लागतो. गावात शिकलेली माणसं मोजून नऊ. अध्यक्ष म्हणून चिठ्ठी निघाली ती एवेलिओ रेबोयो ह्यांची. डोळ्यांचं कारण सांगून त्यांना सुटता आलं असतं. ते सकाळी आठला शाळेत हजर झाले, कोट घालून, हातात भलंमोठं भिंग घेऊन.

ह्या वेळी ते उमेदवार नव्हते. मी पडद्याआड गेलो. चादरीएवढा कागद उघडला आणि नावं वाचली, सगळी परकी. खाली मोकळी जागा होती. मी तिथे त्यांचं नाव लिहिलं, त्यापुढे ठसठशीत फुली मारली. कागदावर काही लिहिलं की मत बाद होतं, हे मला माहीत होतं. नियमांची दवंडी मीच पिटली होती. तरी लिहिलं. एकाचं मत फुकट गेल्यानं काय होतंय?

संध्याकाळी मोजणीला बसले. डॉक्टरांनी सिनेटचा पहिला कागद उघडला, भिंग फिरवत खाली आले आणि थांबले. अध्यक्षानं जे असेल ते मोठ्यानं वाचायचं असतं. ते म्हणाले, "एवेलिओ रेबोयो." मग म्हणाले, "बाद."

कुणीतरी हसलं. मी दचकलो, कारण ते अक्षर माझं नव्हतं.

दुसरा कागद ठीक होता. तिसऱ्यावर, "एवेलिओ रेबोयो. बाद." चौथ्यावर तेच. पाचव्यावर तेच. दहाव्यानंतर हसणं बंद झालं. बाक भरलेले होते, आणि जो तो चोरून शेजाऱ्याकडे बघत होता. डॉक्टर प्रत्येक अक्षरावरून भिंग सावकाश नेत होते. काही अक्षरं शाळेतल्या पोरांसारखी होती, काही थरथरती. ह्यातल्या निम्म्या हातांच्या नाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. टेबलाशी त्यांच्या शेजारी बसलेली पोरगी म्हणाली, "डॉक्टर, मी वाचू का थोडा वेळ?" ते म्हणाले, "नाही, हे माझंच काम आहे."

विसिता काकूंनी भिंतीजवळून विनवलं, "माझं तरी धरा हो."

"धरता येत नाही, काकू."

मग माझा कागद आला. मी ओळखला, कारण मी नावाखाली आणखी काहीतरी लिहून ठेवलं होतं. त्यांनीही ओळखला असणार, माझं अक्षर त्यांनी सोळा वर्षं सूचनाफलकावर पाहिलं होतं. भिंग नावावर थांबलं, मग खालच्या ओळीवर. ते वाचायलाच हवं होतं, नियम होता.

"एवेलिओ रेबोयो," ते म्हणाले. "माफ करा." ते मान वर करून मी उभा होतो त्या बाजूला बघत राहिले. त्यांना मी दिसत होतो की नाही कुणास ठाऊक. मग त्यांनी कागद डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला. "बाद."

एकशे सत्तावीस बाद मतं झाली. त्यांनी आकडा लिहिला, सही केली. नियम असा की चांगली मतं तिथल्या तिथे नष्ट करायची आणि बाद मतं जपून, पाकिटात घालून वर पाठवायची. चांगली मतं मी शेगडीत घातली. बाद मतं एका पाकिटात मावेनात. तीन पाकिटं लागली. डॉक्टरांनी तिन्ही बंद केली, एकावर एक रचली आणि छातीशी धरून उठले. पाकिटं न्यायला आलेल्या गाडीपर्यंत मी नेतो म्हटलं, तर मान हलवली.

"तू दार उघड, अबुंदिओ," ते म्हणाले. "माझे दोन्ही हात गुंतलेत."